विहीर बांधली, पण राखायची कुणी?

आमच्या गावाच्या वेशीबाहेर एक जुनी बारव आहे. चिरेबंदी, तीन बाजूंनी उतरत्या पायऱ्या, चौथ्या बाजूला मोटेची धाव आणि आत दोन रिकाम्या देवळ्या. गावात कुणालाही विचारा, बारव अहिल्याबाईंची, असंच उत्तर येईल. शिलालेख नाही, कागद नाही. तसं पाहिलं तर महाराष्ट्रातल्या निम्म्या बारवा लोकांनी अहिल्याबाईंच्या नावावर करून टाकल्यात, त्यातल्या कितीतरी त्यांच्याही आधी चार-पाचशे वर्षांच्या असतील. पण लोक ऐकत नाहीत. विहीर दिसली की अहिल्याबाई, हे समीकरण पक्कं.

२०१३ सालचा उन्हाळा आठवतोय ना? तेव्हा आमच्या बचत गटाच्या आणि भजनी मंडळाच्या बायकांनी मिळून ही बारव साफ केली होती. अकरा दिवस आम्ही घमेली वाहत होतो. गाळ, बाटल्या, फुटक्या मूर्ती, एक अख्खी सायकल, काय काय निघालं! शेवटच्या दिवशी झऱ्याचं पाणी दिसलं, तेव्हा आम्ही नारळ फोडला, फोटो काढले, पेपरात बातमी आली. आम्ही खूश.

तीन वर्षांनी, २०१६ च्या मे महिन्यात, टँकरच्या रांगेत उभ्या असताना शेजारच्या काकू म्हणाल्या, की चल, बारवेत डोकावून येऊ. गेलो. वरपर्यंत निर्माल्य आणि प्लास्टिक. आमचे अकरा दिवस पाण्यात गेले म्हणावं तर पाणीही नव्हतं. त्यातच एका कार्यालयातून कुणकुण आली, की बारव बुजवून तिथं सभागृह बांधायचं घाटतंय.

परत येताना काकूंनी मला एक साधा प्रश्न विचारला. अहिल्याबाईंनी एवढ्या विहिरी बांधल्या म्हणतेस, मग त्यांच्या काळात गाळ कोण काढत होतं? त्या स्वतः तर येत नसतील ना?

मला उत्तर देता येईना. शाळेत शिकलेल्या अहिल्याबाई म्हणजे पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, हातात शिवलिंग. पुण्यश्लोक. गाळ कोण काढत होतं, हे काही कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून वाचायला घेतलं, आणि पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत महेश्वरलाही जाऊन आले. मैत्रिणींनो, तेव्हा जे हाती लागलं, ते आज सांगते.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ चा. गाव चौंडी, तालुका जामखेड, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातलं. २०२४ पासून त्या जिल्ह्यालाच अहिल्यानगर नाव मिळालं. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. मुलीला लिहा-वाचायला शिकवणारा बाप त्या काळात विरळाच, पण माणकोजींनी शिकवलं. मल्हारराव होळकरांनी या मुलीला चौंडीच्या देवळात पाहिलं आणि सून करून घेतलं, असं सांगतात. लग्नाच्या वेळी वय जेमतेम आठ. नवरा खंडेराव. पुढं मुलगा मालेराव आणि मुलगी मुक्ताबाई, अशी दोन मुलं झाली.

खरं नातं जुळलं ते सासऱ्याशी. मल्हारराव वर्षातले कितीतरी महिने मोहिमेवर असायचे. घरची, परगण्यांची, वसुलीची कामं ते हळूहळू सुनेवर टाकत गेले. सासूबाई गौतमाबाईंकडूनही अहिल्याबाईंना एक मोठी गोष्ट मिळाली. १७३४ साली पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे काही गावांचं उत्पन्न वेगळं तोडून दिलं होतं. त्याला खासगी म्हणत. सरकारी खजिना म्हणजे दौलत, आणि बाईच्या हक्काचं ते खासगी. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

१७५४ च्या मार्च महिन्यात भरतपूरजवळच्या कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेचा गोळा लागून गेले. अहिल्याबाईंचं वय एकोणतीसही पुरं नव्हतं. त्या सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी अडवलं. मुलगा गेला, आता सूनच माझा मुलगा, म्हणून त्यांनी पदर पसरला, अशी कथा घराघरांत सांगितली जाते. शब्द काय होते ते राहू द्या, पण त्यांनी त्यानंतर सुनेला घरात बसवून ठेवलं नाही, हे खरं. १७६५ साली तर त्यांनी तिला तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जायला लिहिलं होतं. विधवा सून आणि तोफा! आजही कुठल्या सासऱ्याला सुचेल का?

मध्ये १७६१ साली पानिपत झालं होतं. महाराष्ट्रात घरटी एक बांगडी फुटली, असं आपण म्हणतो. माळव्याचं दुखणं जरा वेगळं होतं. हा मुलूख दक्षिण आणि उत्तरेच्या वाटेवरचा. मोगल, मराठे, राजपूत, जो तो फौज घेऊन इथूनच जायचा. फौज गेली की मागं उरायचं ते तुडवलेलं पीक, ओस गाव आणि पोटासाठी वाट अडवणारी माणसं. तलवारीनं जिंकलेला मुलूख होता, पण राहता मुलूख अजून व्हायचा होता. आणि हे काम अहिल्याबाईंच्या वाट्याला कधी आलं? तर १७६६ च्या मे महिन्यात मल्हारराव वारले, आणि वर्ष उलटायच्या आत, १७६७ साली, गादीवर बसलेला मालेरावही गेला तेव्हा. नवरा, सासरा, मुलगा. तीनही पुरुष गेले.

होळकरांचे जुने कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचवलं, की बाईंनी एखादं लहान मूल दत्तक घ्यावं आणि कारभार आमच्यावर सोडून स्वस्थ राहावं. सल्ला वरवर किती मायेचा! बाईंनी नकार दिला. मग चंद्रचूडांच्या सांगण्यावरून राघोबादादा फौज घेऊन निघाले. बाईंनी शिंदे, गायकवाड अशा सरदारांना पत्रं धाडली, पुण्याला माधवराव पेशव्यांना कळवलं, आणि राघोबादादांनाही निरोप पाठवला, की आपण बायकांशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही, हरलात तर मात्र तोंड लपवायला जागा राहायची नाही. दादा क्षिप्रेच्या काठी थांबले आणि आपण तर दुखवट्याला आलो होतो, असं म्हणाले. लढाई न होता जिंकलेली ही लढाई आपल्याला फार आवडते, मलाही आवडते. पण मला विशेष वाटतं ते तिच्यानंतरचं. माधवरावांनी कारभाराला मान्यता दिली आणि बाईंनी कामाची सरळ वाटणी करून टाकली. फौजेचं काम तुकोजी होळकरांकडे, मुलकी कारभार आपल्याकडे. तुकोजी वयानं त्यांच्याहून मोठे, पण त्यांना मातोश्री म्हणत. पुढं दोघांचे पैशांवरून खटके उडाले. तुकोजींना मोहिमेला पैसे हवे असायचे, बाई हिशेब मागायच्या. तरी ती वाटणी जवळजवळ तीस वर्षं टिकली.

राजधानीसाठी त्यांनी नर्मदेकाठचं महेश्वर निवडलं. रोजचा दिवस कसा जायचा, ते वाचून मी तर थक्क झाले. सूर्योदयाआधी तासभर उठायचं. पूजा, पुराण, दानधर्म, मग साधं जेवण, थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमाराला दरबार सुरू, तो संध्याकाळपर्यंत. मग पुन्हा पूजा, थोडं खाणं, आणि रात्री नऊला परत कामाला बसायचं, ते अकरापर्यंत. पडदा नाही. कुणीही समोर येऊन गाऱ्हाणं सांगावं. आपण रात्री नऊला मालिका बघतो, त्या वेळी ही बाई परगण्यांचे कागद बघत होती.

आता माझ्या काकूंच्या प्रश्नाकडे येते. त्याचं पहिलं उत्तर मला विहिरीत नाही, भिल्लांच्या डोंगरात सापडलं.

सातपुडा आणि विंध्याच्या घाटांतून जाणारे व्यापारी, यात्रेकरू लुटले जायचे. लुटणारे बहुतेक भिल्ल आणि गोंड. त्यांच्या डोंगरातून राज्यकर्त्यांच्या वाटा गेल्या, त्यांच्या रानावर इतरांनी हक्क सांगितला, आणि हाताशी उरली ती वाटमारी. अहिल्याबाईंनी आधी समजुतीनं घेतलं. जमलं नाही तेव्हा कडक झाल्या, म्होरक्यांना शिक्षा केल्या. इथपर्यंत कुठलाही राज्यकर्ता येतो. त्याच्या पुढं त्यांनी जे केलं ते वेगळं. भिल्लांचा डोंगरावरचा जुना हक्क त्यांनी मान्य केला. त्यांच्या हद्दीतून जो माल जाईल, त्यावर ठरावीक लहानशी पट्टी त्यांनी घ्यावी. तिला भिलकवडी म्हणत. पडीक जमिनी कसायला दिल्या. आणि बदल्यात अट एकच. त्या हद्दीत वाटसरूला राखायचं, आणि चोरी झालीच तर माल शोधून परत आणून द्यायचा.

बघा हं, काय केलं ते. वाट लुटणाऱ्यालाच वाटेचा राखणदार केलं, आणि त्या राखणीचं पोटही त्याच वाटेवर लावून दिलं. महेश्वराहून शिपाई पाठवून प्रत्येक खिंड राखणं कुठल्या राजाला परवडलं असतं? ज्याचं रान, त्याच्याकडेच रान राखायचं काम. मुक्ताबाईंच्या लग्नाची गोष्ट आपण ऐकलेली असते, की जो चोर-लुटारूंचा बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन, असं बाईंनी दरबारात जाहीर केलं आणि यशवंतराव फणसे पुढं आला. गोष्ट गोड आहे. पण एकट्या फणशांच्या शौर्यानं घाट मोकळे राहिले नाहीत. ते राहिले या बंदोबस्तामुळं, असं आपलं माझं मत.

खेड्यांतही त्यांनी तेच धोरण ठेवलं. सारा बेताचा. पाटील, कुलकर्णी, जमिनीचे जुने मालक यांच्या हक्कांना हात लावायचा नाही. भांडण गावात सुटत असेल तर पंचायतीत सुटू द्यायचं. आणि चांगल्या कारभाऱ्याची उगाच बदली करायची नाही! इंदूरला त्यांचा एकच कमाविसदार वीस वर्षांहून अधिक काळ होता, आणि गोविंदपंत गानू हे त्यांचे कारभारी जवळजवळ सगळी कारकीर्दभर. आमच्या गावात गेल्या पाच वर्षांत किती अधिकारी आले आणि गेले, ते मला बोटांवर मोजता येणार नाही. प्रत्येकाला बारव नव्यानं दाखवावी लागते.

इंदूर त्याच काळात लहान गावाचं भरभराटीचं शहर झालं. तिथला एक सावकार निपुत्रिक वारला. तुकोजींचा तळ जवळच होता, त्यांची नजर त्या पैशावर गेली. सावकाराच्या विधवेनं महेश्वर गाठलं. बाईंनी तुकोजींना कळवलं, की तळ उठवा आणि शहराला त्रास देऊ नका. तुकोजींना तळ हलवावा लागला. सिरोंजच्या एका विधवेनं मुलगा दत्तक घेतला, तर तिथल्या अंमलदारानं मोठी रक्कम मागितली. त्या अंमलदाराची नोकरी गेली, आणि बाईंनी त्या मुलाला मांडीवर बसवून कपडे-दागिने देऊन परत पाठवलं. विधवेची मालमत्ता सरकारजमा करायची संधी कुणी सोडत नसे, त्या काळातली ही गोष्ट. स्वतः त्या वाटेनं गेलेल्या बाईला ते दुःख वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

पाण्याचं आता सांगते. काशी, गया, सोमनाथ इथली त्यांची देवळं सगळ्यांना माहीत आहेत. काशी विश्वनाथाचं देऊळ १७८० च्या सुमाराचं, सोमनाथचं १७८३ चं. पण त्या मोठ्या तीर्थांना जोडणाऱ्या वाटांवर त्यांनी जे केलं, त्यात मला जास्त बाईपण दिसतं. वाटेवर विहिरी, धर्मशाळा, सावलीला झाडं. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी द्यायला माणसं नेमलेली. आणि महेश्वरच्या आसपास तर नांगराचे बैल मध्येच थांबवून त्यांना पाणी पाजायला माणसं ठेवलेली असत. विचार करा, शेतकरी भर उन्हात नांगर धरून आहे आणि सरकारी माणूस सारा मागायला नाही, तर बैलाला पाणी पाजायला आलाय!

पाखरांची गोष्ट तर त्याहून गंमतीची. पीक उभं राहिलं की पाखरं येणार, आणि शेतकरी गोफण घेऊन हाकलणार. बाईंनी काय करावं? उभ्या पिकाची शेतंच विकत घेऊन पाखरांसाठी सोडून दिली. शेतकऱ्याचं नुकसान नको आणि पाखरू उपाशी नको. हल्ली आपण पर्यावरण, जैवविविधता असे जड शब्द वापरतो. त्या काळात याला भूतदया म्हणत. पण नुसती दया असती, तर त्यांनी पाखरांना हाकलू नका, असा हुकूम काढला असता आणि भुर्दंड शेतकऱ्यावर पडला असता. त्यांनी पैसे मोजले.

हे पैसे यायचे कुठून? इथं तो खासगी शब्द येतो. दानधर्म, देवळं, घाट यांचा खर्च त्या खासगीतून करत, दौलतीच्या खजिन्यातून नाही. आणि देऊळ किंवा घाट नुसता बांधून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. ठिकठिकाणी जमिनी, गावांची उत्पन्नं, वर्षासनं लावून दिली. पुजारी, झाडणारा, अन्नछत्राचा आचारी, पाणी भरणारा, ज्याच्या त्याच्या पोटाची सोय त्या कामातच. काकूंना मी परत येऊन हेच सांगितलं. गाळ काढणाऱ्याचं पोट त्याच कामावर भरत होतं, काकू. आपण बारवेला नारळ दिला, जमीन नाही दिली.

महेश्वरात त्यांनी बाहेरून विणकर आणून वसवले, तेही याच हिशेबानं. राजधानीत देवळं झाली, आता माणसं कशावर जगणार? तिथून महेश्वरी लुगडी सुरू झाली, त्यांच्या काठांवर किल्ल्याची आणि नर्मदेच्या लाटांची नक्षी. मधल्या काळात मागं पडलेला तो धंदा १९७८ नंतर रेहवा सोसायटीच्या मागांवर तिथल्या बायकांनी पुन्हा धरला. मीही एक साडी घेतली. परवडत नव्हती, पण घेतली.

सगळं गोडच होतं, असं मात्र नाही हं. रामपुऱ्याच्या चंद्रावत राजपुतांनी बंड केलं, तेव्हा ते शस्त्रानंच मोडलं गेलं, आणि ती कहाणी काही मवाळ नाही. आपण अहिल्याबाईंना इतकं देवी करून टाकलंय, की त्या राज्य करत होत्या, हेच विसरायला होतं.

आणि एक गोष्ट त्यांच्या हातातली नव्हती. मुक्ताबाईंचा मुलगा नथ्याबा आजीचा फार लाडका. तो ऐन तारुण्यात गेला. पाठोपाठ १७९१ साली यशवंतराव फणसे पटकीनं गेले. मुक्ताबाई सती जायला निघाल्या. आईनं विनवलं. राणी म्हणून नाही, जमिनीवर डोकं टेकून, आई म्हणून. मला एकटीला टाकून जाऊ नकोस म्हणाल्या. मुक्ताबाईंचं म्हणणं असं, की आई, तू म्हातारी झालीस, थोड्या वर्षांत तूही जाशील, मग मी कुणासाठी राहू? अहिल्याबाईंनी पुढं अडवलं नाही. त्या नर्मदेकाठी चितेपर्यंत गेल्या. ज्वाळा उठल्या तसा त्यांचा धीर सुटला, दोघांनी त्यांना दंडाला धरून ठेवलं होतं. त्यानंतर तीन दिवस त्या बोलल्या नाहीत, जेवल्या नाहीत. चौथ्या दिवसापासून पुन्हा काम.

हे वाचताना मी पुस्तक मिटवून ठेवलं होतं. सदतीस वर्षांपूर्वी कुंभेरीला सासऱ्यानं त्यांना चितेवरून परत आणलं होतं. कारण त्या घराला त्यांची गरज होती. मुक्ताबाईंना कुणाची गरज उरली होती? भिल्लांचा बंदोबस्त करता आला, इंदूरच्या विधवेची तिजोरी वाचवता आली, पण स्वतःच्या विधवा मुलीला जगायला कारण देता आलं नाही. एखाद्या हुकमानं हे थांबवायला हवं होतं, असं आपल्याला आज वाटतं. त्यांनी हुकूम काढला नाही. का, ते त्याच जाणोत.

१३ ऑगस्ट १७९५ ला त्या गेल्या. दोन वर्षांनी तुकोजीही गेले, त्यांच्या मुलांत भांडणं लागली, आणि १८०१ साली शिंद्यांच्या फौजेनं इंदूर लुटलं. म्हणजे सहा वर्षांत बाईंचं शहर बेचिराख. माणसावर उभं असलेलं माणसाबरोबर गेलं. माळव्यातल्या वाटा पुन्हा असुरक्षित झाल्या. १८१७ साली महिदपूरच्या लढाईत होळकर इंग्रजांकडून हरले. त्या लढाईतला इंग्रज अधिकारी जॉन माल्कम पुढं माळव्याचा कारभार बघायला राहिला. तो गावोगाव बाईंबद्दल विचारत फिरला, तेव्हा त्यांना जाऊन वीसेक वर्षं झालेली. त्यानं १८२३ साली छापलेल्या पुस्तकात त्यांची जी स्तुती आहे, ती हरलेल्यांची नाही, जिंकलेल्याची आहे. बैलांना पाणी, पाखरांची शेतं, रात्री नऊचं कामकाज, यातलं पुष्कळसं त्यानंच लिहून ठेवलंय. एका ब्राह्मणानं बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला, तर त्यांनी शांतपणे सगळा ऐकून घेतला आणि नर्मदेत सोडायला लावला, हेही त्यानंच लिहिलंय. आता तो ग्रंथ असता तर! पण मग त्या अहिल्याबाई नसत्या.

महेश्वरला मी इंदूरहून धामनोदमार्गे बसनं गेले. किल्ल्याच्या आत राजवाडा म्हणजे चौसोपी लाकडी वाडाच, आपल्याकडच्या एखाद्या जुन्या वाड्यासारखा. बाईंची गादी म्हणून जे दाखवतात ते साधं पांढरं बैठकीचं आसन. खाली घाट. पायऱ्याच पायऱ्या, आणि त्यांवर आपल्यासारख्या बायका, कुणी धुणं धुतंय, कुणी दिवा सोडतंय. एक म्हातारी पाण्यात गेलेली फुलं काठीनं ओढून टोपलीत भरत होती. मी विचारलं, की हे काम तुम्हाला कुणी दिलं? तिनं वर न बघता सांगितलं, की सासूचं होतं.

आता आमच्या बारवेचं. ती बुजवली गेली नाही. आम्ही साठ-सत्तर बायका अर्ज घेऊन दोन वेळा जाऊन आलो, आणि सभागृह दुसरीकडे सरकलं. २०१७ च्या उन्हाळ्यात पुन्हा गाळ काढला. पण या वेळी नारळ फोडायच्या आधी ग्रामसभेत एक गोष्ट ठरवून घेतली. बारवेला लागून देवस्थानची दहा-बारा गुंठे पडीक जमीन होती. ती आमच्यातल्याच एकीला कसायला दिली. खंड नाही. तिनं मेथी, कोथिंबीर, कांदा काढावा, विकावा, पाणी बारवेचं वापरावं. बदल्यात बारव झाडून ठेवायची, निर्माल्य आत पडू द्यायचं नाही, पावसाळ्याआधी चर मोकळे करायचे.

पहिलं वर्ष छान गेलं. २०१९ चा उन्हाळा वाईट आला आणि आमची वादावादी झाली. तिनं मोटर लावून पाणी उपसलं, बारव तळाला गेली, जनावरांना पाणी उरेना. बायका म्हणाल्या, काढून घ्या तिची जमीन. तिचं म्हणणं, की माझं उभं पीक वाळू द्यायचं होतं का? दोन्ही बाजू खऱ्या होत्या. तीन बैठका झाल्या, एकीनं तर माझ्याशी बोलणंच टाकलं. शेवटी काकूंनीच तोडगा काढला. पायऱ्या मोजा म्हणाल्या. वरून अकरावी पायरी उघडी पडली की मोटर बंद. मग पाणी फक्त माणसांना आणि जनावरांना. आणि त्यामुळं तिचं जे पीक जाईल, त्याची अर्धी भरपाई बचत गटानं द्यायची. त्या पायरीवर आम्ही शेंदरानं पट्टा ओढला.

त्यानंतर दोनदा मोटर बंद करावी लागली. दोन्ही वेळा भरपाईच्या रकमेवरून घासाघीस झाली, आणि दोन्ही वेळा ती दिली गेली. काकू आता नाहीत. बारवेची चावी, म्हणजे मोटरच्या पेटीची, माझ्याकडे असते. गेल्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. ती होती, हातात कोथिंबिरीची जुडी. म्हणाली, नववी उघडी पडलीय, दहावीवर पाणी आहे, येऊन बघून जा.